अस्तरामागचं नाव

“आधी बेस दाखवा, मग स्पोर्ट. विकणाऱ्यासारखं नको. शाळेत मास्तर शिकवतात तसं सांगा,” अण्णा म्हणाले.

भूपालअण्णा मगदूम. हुपरीचे, चांदीचे कारखानदार. कारखाना म्हणजे घराच्याच माडीवर दहा-बारा कारागीर पैंजणं घडवत बसतात, तो. वय पन्नाशीच्या पुढं, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि बोटं मात्र काळी. खांद्याला एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्यांच्यामागं चार पावलं सोडून त्यांची बायको उभी. पद्माकाकू. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, अण्णांकडं बघत नव्हत्या, आणि गाड्यांकडं तर नाहीच नाही.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. हायवेला उदयशेठचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. पत्र्याची शेड, पुढं खडी टाकलेलं मोकळं पटांगण, पटांगणात पंधरा-वीस गाड्या. त्यात त्या दिवशी एकाच परदेशी कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन मोठ्या सेडान शेजारी शेजारी लागल्या होत्या. एक बेस, म्हणजे साधी. एक स्पोर्ट, म्हणजे नटवलेली आणि महाग. दोन्ही पांढऱ्या. सकाळी अण्णांचा शेठना फोन आला होता, की फरक समजून घ्यायचाय, पण विकणारा नको, गाडीच्या आतलं काम करणारा कोणी असेल तर त्यानं सांगावं. मग शेठनी मला बोलावलं.

मी रफिक शिकलगार. उद्यमनगरात माझं दुकान. सीटा शिवायच्या, दाराचं आतलं कापड बदलायचं, छताचं अस्तर चढवायचं, हे माझं काम. आणि कामात मी भारीच होतो, उगाच कशाला लाजू? तिशीत होतो. कोल्हापुरात कुणाचं छत लोंबलं की माणूस पहिलं माझं नाव घ्यायचा. तेव्हा खास कारागिराला विचारायचंय म्हटल्यावर मी हवेतच गेलो. धुतलेला शर्ट घालून आलो.

“बघा अण्णा,” मी सुरू केलं. “इंजिन दोन्हीला तेच. फरक सगळा अंगावरच्या कपड्यांचा. हिचं नाक साधं. स्पोर्टचा बंपर खाली उतरलाय, चाकं मोठी. आता आत बघा. बेसची सीट म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. स्पोर्टची सीट म्हणजे पैलवानानं कवळा घातल्यागत, दोन्ही अंगांनी आवळणारी. शिलाई लाल दोऱ्याची. स्टेअरिंगच्या मागं गिअरच्या दोन पट्ट्या, बोटानं ओढायच्या. आणि चालवायला कडक. आपल्या रस्त्यावर स्पोर्ट घेणं म्हणजे मणक्याशी दुश्मनी.”

उदयशेठ मोठ्यानं हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातनं छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

“आणि छत?” त्यांनी विचारलं.

“आता मुद्द्यावर आलासा! बेसचं छत आतनं पांढरट. स्पोर्टचं काळं कुळकुळीत. छत काळं, खांबांची कव्हरं काळी. आत बसलं की राजासारखं वाटतं.”

“खांब म्हणजे?”

“दोन दारांच्या मधी असतो तो. काचेच्या कडेनं वर जातो बघा. त्याच्यावर हे प्लॅस्टिकचं कव्हर.”

मी बोलत होतो तोवर काकू पुढं आल्या. स्पोर्टचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि आत जाऊन डावीकडं, खिडकीला टेकून बसल्या. पदर सावरला, पाय जवळ घेतले. मग हात वर करून त्यांनी खांबाच्या कव्हरावरनं बोट फिरवलं. तिथं उठावाची बारीक अक्षरं असतात.

“हितं काय लिवलंय?” त्यांनी विचारलं. आल्यापासनं पहिल्यांदा बोलल्या.

“एअरबॅग,” मी म्हणालो. “हा खरा फरक, काकू. बेसमध्ये पुढच्या दोघांपुरत्या बॅगा. स्पोर्टमध्ये बाजूनंही. बाजूनं कुणी धडकलं की छताच्या कडेतनं पडद्यासारखी पिशवी खाली येते, हितपर्यंत. डोकं काचेवर आपटत नाही.”

“आणि बेसमधी?”

“बेसमध्ये तिथं काय नसतं. नुसता पत्रा.”

काकूंनी हात खाली घेतला. बाहेर हायवेवरनं ऊसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालला होता, गाणी लावून. त्याचा आवाज जाईपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी पाणी आणायला निघालो, तर अण्णांनी दंड धरला.

“थांबा. विचारायचं ते आता आलंय. आमची अशीच गाडी हुती,” ते म्हणाले. “करडी. इचलकरंजीच्या एका एजंटाकडनं जुनी घेतली. स्पोर्ट म्हणून. आमची सन्मती एकोणीस वर्षांची, सांगलीला कॉलेजात होती. तिला आणायला-सोडायला म्हणून घेतली. हिनंच सांगितलं हुतं, काय लागंल ते लागू दे, पण पोरीच्या बाजूला त्या पिशव्या असलेलीच घ्या. मी कव्हरावरची अक्षरं वाचली, हिला दाखवली, आणि घेतली.”

त्यांनी वही बंद केली.

“गेल्या माघात फाट्यावर ट्रॉली आडवी आली. डाव्या अंगानं. मी चालवत हुतो. सन्मती मागं, आत्ता ही बसलीय तिथं. पिशवी उघडली न्हाई, पोर गेली. तपासणारे आले, त्यांनी सांगितलं, उघडंल कुठनं? ही गाडी बेस हाय.”

मला तेव्हाच समजलं.

आत्ता लिहिताना हात थांबतोय, पण सांगतो. अशी करडी गाडी मी आयुष्यात एकच केली होती. त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी, याच पटांगणात. उदयशेठकडं बेस आली होती, गिऱ्हाईक मिळत नव्हतं. शेठ म्हणाले, “रफिक, हिला स्पोर्ट करून टाक, नाद खुळा झाली पाहिजे.” पुढचा बंपर, चाकं, मागची पट्टी त्यांनी कुठनं कुठनं गोळा केली. आत मी लाल दोऱ्यानं सीटा शिवल्या. छताला काळं अस्तर चढवलं. खांबांची कव्हरं मात्र पांढरी राहिली होती, ती काळ्या छताखाली भिकाऱ्यासारखी दिसायला लागली. म्हणून मी भंगारात पडलेल्या एका स्पोर्टची काळी कव्हरं काढून आणली आणि बसवली. त्यांच्यावर ती अक्षरं होती. मला दिसली होती. मी म्हटलं, असू देत, उलट अस्सल वाटतंय. खोटं बोलतोय असं मनातसुद्धा आलं नाही. मला फक्त रंग जुळवायचा होता. माझ्या डोक्यात त्या अक्षरांमागं माणसाचं डोकं नव्हतंच. गाडी इचलकरंजीच्या एजंटाला गेली आणि मी विसरलो.

मी उदयशेठकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी रुमालानं मान पुसली.

अण्णा बोलत होते, पण आता हलक्या आवाजात, मला एकट्याला ऐकू यावं असं. काकू गाडीतच होत्या.

“हिचं म्हणणं काय हाय, सांगतो. ही म्हणते, तुम्ही चांदीत चिमूटभर तांबं असलं तरी हातात घेऊन सांगता. उभ्या पंचक्रोशीत तुमच्या टंचाला, चांदीच्या शुद्धतेला, कुणी नाव ठेवत न्हाई. आणि गाडी बेस हाय हे तुम्हाला कळलं न्हाई? ही म्हणते, तुम्हाला कळलं हुतं. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आणि मला अक्षरं दाखवून गप केलं.” त्यांचा आवाज चिरला. “वर्ष झालं. एका ताटात जेवण न्हाई. चहा आणून ठेवती आणि भिंतीकडं बघत उभी राहती. मी कितीदा सांगितलं, मला न्हाई कळलं गं. मी सांगून काय उपयोग? म्हणून हितं आणलं. ह्यातलं काम करणाऱ्यानं सांगावं. ती ऐकंल.”

मग ते सरळ उभे राहिले आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्ही कारागीर हाय. मनापासनं सांगा. बेसला कुणी स्पोर्टचं रूप दिलं, छत काळं केलं, कव्हरं बदलली, तर माझ्यासारख्या माणसाला बघून कळंल का न्हाई?”

उत्तर सोपं होतं. नाही कळणार. मला स्वतःला कळलं नसतं, इतकं चोख काम होतं ते. एवढं एक वाक्य. पुढं काही म्हणायची गरजसुद्धा नव्हती, मी केलं असं कबूल करायची तर नाहीच. पण त्या क्षणी मला वाटलं, मी ‘नाही कळणार’ म्हणालो की पुढचा प्रश्न येणार, तुला कसं माहीत? आणि त्याच्यापुढचा, कुणी केलं? मला पोलीस दिसायला लागले. दुकान दिसायला लागलं.

“अहो, न कळायला काय झालं!” उदयशेठ मधेच म्हणाले. “बघणाऱ्याला लगेच कळतं. काय रे रफिक?”

काकूंनी मान वळवली होती. खिडकीतनं त्या सरळ माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. मी नाही म्हणावं अशी आस होती, हे मला तेव्हाही दिसलं आणि अजून दिसतं. वर्षभर ती बाई कुणीतरी आपलं म्हणणं खोटं पाडावं म्हणून वाट बघत होती.

“होय,” मी म्हणालो. “बघणाऱ्याला कळतं.”

तीन शब्दांचं उत्तर. घसा मोकळा करून, व्यवस्थित म्हणालो.

काकू गाडीतनं उतरल्या. दार हळू लावलं, आपटलं नाही. अण्णांच्या शेजारनं जाताना म्हणाल्या, “झालं समाधान?” आणि खडीवरनं फाटकाकडं चालायला लागल्या. अण्णा तिथंच उभे. काळ्या बोटांनी पिशवी चाचपत होते. उदयशेठ चहा मागवतो म्हणत शेडमध्ये पळाले, ते बाहेर आलेच नाहीत.

मला पळायचं होतं. अण्णा माझ्याजवळ आले. पिशवीत हात घालून त्यांनी एक काळी, लांबुळकी वस्तू काढली. एका टोकाला तडकली होती. खांबाचं कव्हर. अक्षरं वर होती.

“हे तुमचं,” ते म्हणाले.

मी घेतलं. उलटं करायची गरज नव्हती, तरी केलं. मागच्या बाजूला पांढऱ्या मार्करनं लिहिलं होतं: रफिक शिकलगार, उद्यमनगर, ११ ऑगस्ट. माझं अक्षर. ‘क’चा पोटाकडचा गोल मी मोठा काढतो, तसाच.

ही आमच्या उस्तादांची शिकवण. छत चढवा, कव्हर बसवा, पण बंद करायच्या आधी मागं नाव आणि तारीख लिहा. उस्ताद म्हणायचे, “उद्या कुणी उघडलं, काम बघून शिव्या घालायच्या झाल्या, तर कुणाला घालायच्या हे त्याला कळलं पाहिजे.” आम्ही पोरं हसायचो. मी प्रत्येक कामामागं लिहिलं. त्या गाडीतही लिहिलं, सवयीनं.

“चांदीचा संशय आला की आम्ही कापून बघतो,” अण्णा म्हणाले. “गाडी कापायचं तवा सुचलं न्हाई. नंतर सुचलं. मोडीत टाकायच्या आधी मी सगळी कव्हरं उचकटली. तुमचं नाव मिळालं. उद्यमनगरात विचारलं, तर तुम्ही उदयशेठचं काम करता म्हणाले. म्हणून हितं आलो.”

“मग अण्णा, काकूंच्या पुढं तुम्ही हे काढलं का नाही?” मी विचारलं. “तिथंच मला खोटं पाडायला पाहिजे होतं.”

“पाडून काय करू? आमच्यातबी दागिन्यावर छाप मारतात. नाव मारणारा माणूस लपणारा नसतो, असं मला वाटलं हुतं.” ते फाटकाकडं बघत होते. काकू रस्त्याच्या कडेला रिक्षाला हात करत होत्या. “ओढून काढलेला शब्द तिला पटला नसता. म्हणली असती, तुम्ही दम देऊन वदवलं. तुम्ही आपणहून म्हणायला पाहिजे हुतं. आता ती म्हणंल, परक्या माणसानंसुद्धा सांगितलं. आता कव्हर दाखवून काय फरक पडतोय.”

त्यांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि निघाले. मी हाक मारू शकलो असतो. फाटकापर्यंत तीस-पस्तीस पावलं होती. रिक्षा थांबली, काकू आत बसल्या, अण्णा पुढं चालकाच्या शेजारी बसले. रिक्षा दिसेनाशी होईस्तोवर मी तिथं कव्हर धरून उभा होतो. हाक मारली नाही.

त्या दिवसापासनं मी कामामागं नाव लिहिणं सोडलं. कव्हर दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, कापडाच्या गठ्ठ्यामागं ठेवलं. टाकवत नव्हतं, बघवत नव्हतं. कुणाचंही छत उघडलं की मला आधी मागच्या डाव्या खिडकीपाशी बसलेली बाई दिसायची. बायको म्हणायची, झोपेत तुम्ही ‘होय, होय’ काय म्हणता? मी सांगायचो, गिऱ्हाईकाशी बोलत असेन. कैक वेळा हुपरीच्या गाडीत बसायला स्टँडवर गेलो आणि ऊसाचा रस पिऊन परत आलो. एवढा भित्रा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दोन वर्षांनी पेपरात फोटो दिसला. पांढरी टोपी. खाली लिहिलं होतं, प्रथम पुण्यस्मरण. म्हणजे अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं आणि मी स्टँडवर रस पीत होतो.

त्याच दिवशी फळीवरनं कव्हर काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि दुपारी हुपरीत उतरलो. मगदूमांचं घर विचारलं. माडीवर ठोकल्याचा आवाज नव्हता, कारखाना बंद झाला असावा. काकूंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी ओळखलं. फक्त बाजूला झाल्या.

मी खुर्चीवर बसलो नाही. खाली बसलो. फडकं सोडून कव्हर त्यांच्यापुढं ठेवलं, आणि सगळं सांगितलं. बंपर, लाल दोरा, काळं छत, भंगारातली कव्हरं. “काकू, ते कुणालाच कळलं नसतं,” मी म्हणालो. “मी केलं होतं म्हणून सांगतो. उघडून बघितल्याशिवाय मलासुद्धा कळलं नसतं. अण्णा खरं बोलत होते. त्या दिवशी मी घाबरलो. खोटं बोललो.”

काकूंनी कव्हर उचललं. अक्षरांवरनं बोट फिरवलं, मग उलटं करून नाव वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. तोंडावर मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

“शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले,” त्या म्हणाल्या, “पद्मा, आता तरी एकदा म्हण, तुम्हाला कळलं न्हवतं म्हणून. एकदा नुसतं म्हण. मी पाणी पाजलं, औषध दिलं. त्येवढं मी म्हणाले न्हाई. मला तुझं तोंड दिसायचं. परका माणूस, त्याला खोटं बोलायचं काय कारण?”

मी मान खाली घालून रडत होतो. त्यांनी रडू दिलं. मग उठल्या, भिंतीवरचा अण्णांचा फोटो काढला, त्याचा हार बाजूला ठेवला आणि फोटो पालथा करून माझ्यापुढं ठेवला. मागं पिवळट पुठ्ठा होता. कोनाड्यातनं त्यांनी एक मार्कर आणला. दागिन्यांच्या डब्यांवर नंबर घालायला कारखान्यात वापरायचे, तो.

“तुमच्यात मागं लिवायची पद्धत हाय न्हवं? लिव. आत्ता मला जे सांगितलंस ते लिव. खाली नाव घाल.”

मी लिहिलं. ओळ वाकडी गेली. ‘मगदूम अण्णांना कळलं नव्हतं. कळण्यासारखं नव्हतंच. काम मी केलं होतं.’ खाली रफिक शिकलगार, उद्यमनगर. मग तारखेशी थांबलो.

“आजची घालू?”

“आजची कशाला?” काकू म्हणाल्या. “आज ऐकायला कोण हाय? ते मला घिऊन तुझ्याकडं आले हुते, त्या दिवसाची घाल.”

मला ती तारीख पाठ होती. मी घातली. त्यांनी शाई वाळेपर्यंत फोटो हातात धरला, फुंकर घातली, आणि परत खिळ्याला अडकवला. हार घातला. मग भिंतीकडं तोंड करून त्या हळू आवाजात अण्णांना काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो.